रॉक मास्टरिंगसाठी फॅबफिल्टर प्रो-एल २ : आवाज मोठा होतो, टोचायला कधी लागतो?

मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, आणि त्यात पहिला बळी स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक वाजणाऱ्या ढोलाचा, जातो. मिक्समध्ये दणकून वाजणारा स्नेअर लिमिटरमधून, म्हणजे आवाज ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या साधनातून, बाहेर पडतो तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखा लागतो, आणि त्याच वेळी झांजा कानाशी येऊन बसलेल्या असतात. झांजांना कुणी हातही लावलेला नसतो. स्नेअरचं टोक, म्हणजे आवाजाचा क्षणिक उंचवटा, काही मिलिसेकंदांचं असतं, म्हणून लिमिटर त्यालाच दाबतो. झांजा आणि डिस्टॉर्शनच्या गिटारी सलग वाजत राहतात, त्यांना दाबण्यासारखं टोकच नसतं, त्यामुळे गेन, म्हणजे आवाजाची पातळी, वाढवला की त्या पूर्णच्या पूर्ण वर येतात. मग मास्टर कर्कश झालं अशी तक्रार येते, आणि पहिला हात जातो इक्यूवर, म्हणजे उंच-खालच्या सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या साधनावर, वरची पट्टी कापायला. इक्यूने झांजा मंद होतात, स्नेअर काही परत येत नाही.

ॲमस्टरडॅमच्या फॅबफिल्टर कंपनीचा प्रो-एल २ हा लिमिटर २०१७ साली आला. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं बरंच आहे, पण इथे एकच प्रश्न घेतला आहे: रॉकचं मिक्स मोठं करताना ते कुठे बिघडतंय, हे हा प्लगिन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) वेळेत ऐकवतो का? ऐकवतो, आणि आमच्या मते हेच त्याचं सर्वांत मोठं बळ आहे. लिमिटर पुष्कळ आहेत, नीट वापरले तर त्यांच्यातला आवाजाचा फरक बेताचाच. चूक पकडून देण्यात मात्र हा बऱ्याच जणांच्या पुढे आहे.

त्यासाठी प्लगिनच्या खिडकीतल्या खालच्या पट्टीवरची दोन बटणं आधी शिकून घ्यावीत. पहिलं १:१ असं लिहिलेलं, युनिटी गेनचं. ते दाबलं की डावीकडे जितका गेन वाढवाल तितकंच आउटपुट आपोआप खाली येतं. अर्ध्या डेसिबलने मोठा झालेला आवाजही कानाला ‘चांगला’ वाटतो, त्यामुळे हे बटण बंद ठेवून घेतलेला प्रत्येक निर्णय गेन वाढवण्याच्याच बाजूने झुकतो. ते चालू करून प्लगिन बायपास (तात्पुरता बंद) करा, परत लावा. कोरसमध्ये (ध्रुवपदात) स्नेअरची उंची कमी झाली का, किकचा ठोका पोटात लागायचा थांबून नुसता टकटक वाजतोय का, हे लगेच कळतं. एक्स्पोर्ट करण्याआधी बटण बंद करायला विसरू नका, नाहीतर तुमची फाइल सगळ्यात हळू वाजेल.

दुसरं बटण ऑडिशन लिमिटिंगचं. लिमिटरने जे कापलं तेवढंच ते ऐकवतं. रॉकचा कोरस लावून हे बटण दाबलं की काय ऐकू यावं? किक-स्नेअरच्या जागी बारीक टिक-टिक, मधे शांतता. इतकंच असेल तर काम ठीक चाललंय. त्या टिकटिकीच्या मागे गिटारचा कॉर्ड ओळखू येऊ लागला, किंवा गाण्याचे शब्द कळू लागले, की समजावं लिमिटर आता टोकं सोडून अंगच खातोय. तिथून १ ते १.५ डेसिबल गेन मागे घ्या. मीटरकडे बघून अंदाज बांधण्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी भरवशाची, आणि डोळे मिटून घेता येते हे आणखी चांगलं, कारण प्रो-एल २ चा सरकता आलेख इतका देखणा आहे की माणूस त्यातच गुंतून जातो.

आता अल्गोरिदम, म्हणजे दाबण्याच्या तऱ्हा. एकूण ८ आहेत: ट्रान्सपरंट, पंची, डायनॅमिक, ऑलराउंड हे जुने चार, आणि ॲग्रेसिव्ह, मॉडर्न, बस, सेफ हे नवे चार. रॉकसाठी फॅबफिल्टर स्वतः डायनॅमिक सुचवतं. तो लिमिट करण्याआधी टोकांना थोडा उठाव देतो, म्हणून दाबल्यावरही ड्रम जिवंत राहतात. मिक्स जाड, मधल्या पट्टीत भरलेलं आणि झांजा आवरलेल्या असतील तर आम्हीही तोच घेऊ. पण हाय-हॅट आधीच धारदार असेल तर तोच उठाव त्याच्याही टोकांना मिळतो आणि प्रत्येक ठोक्यावर ‘च्च’ असा चटका लागतो. अशा वेळी मॉडर्न निवडा. ॲग्रेसिव्ह हा मेटलवाल्यांचा आवडता, जवळजवळ क्लिपिंगसारखा वागणारा. २ डेसिबलपर्यंत तो छान धार देतो. ४ च्या पुढे गिटारच्या डिस्टॉर्शनवर आणखी एक डिस्टॉर्शन चढतं आणि दोन्ही मिळून वाळू चावल्यासारखं होतं. सेफ हा रॉकच्या कामाचा नाही, डिस्टॉर्शन टाळण्याची त्याची काळजी ड्रम मऊ करून टाकते.

ॲडव्हान्स्ड पट्टीतले नॉब फिरवण्याआधी आत काय चालतं हे माहीत असावं. या लिमिटरमध्ये दोन टप्पे आहेत. पहिला झटपट टप्पा टोकं पकडतो, त्याचा वेग लुकअहेड, म्हणजे पुढचा आवाज किती आधी पाहायचा ती वेळ, ठरवतो. दुसरा संथ टप्पा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) यांवर चालतो. लुकअहेड लहान ठेवला तर टोकं जास्त शाबूत राहतात, पण डिस्टॉर्शन वाढतं. मोठा ठेवला तर आवाज स्वच्छ राहतो आणि ठोके बोथट होतात. रॉकसाठी १ मिलिसेकंदापासून सुरुवात करा आणि किक फुटल्यासारखी वाटली तरच वाढवा. लहान अटॅक आणि लांब रिलीज ही सुरक्षित जोडी, अतिरेक झाला तर सगळं गाणं श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं. लांब अटॅक आणि छोटा रिलीज आवाज अंगावर आणतो, आणि कर्कशपणाही बहुतेक इथूनच शिरतो.

हे बास गिटारवर तपासता येतं. तिची सर्वांत जाड मोकळी तार, ई, साधारण ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे तिची एक लाट सुमारे २४ मिलिसेकंदांची. रिलीज त्याहून छोटा असेल तर लिमिटर एका लाटेच्या आतच दाबतो आणि सोडतो. लाटेचा आकार मोडतो, त्यातून वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) निघतात आणि गिटारच्या पट्टीत जाऊन मिसळतात. ऐकणाऱ्याला वाटतं गिटार खरखरतेय, मूळ मात्र बासमध्ये असतं. ३०० ते ५०० मिलिसेकंदांच्या रिलीजवर ही खरखर गेली तर निदान पक्कं झालं.

चॅनेल लिंकिंगला, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र दाबण्याच्या सोयीला, ट्रान्झियंट (ठोक्याचं क्षणिक टोक) आणि रिलीज असे दोन वेगळे नॉब दिले आहेत, ही फार विचाराने केलेली सोय. रॉकमध्ये एक गिटार पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे असते. दोन्ही नॉब १०० टक्के ठेवले तर डावीकडच्या टॉमच्या ठोक्याने उजवीकडची गिटारही बुडते. ट्रान्झियंट ७० च्या आसपास आणि रिलीज १०० वर ठेवा: ठोके आपापल्या बाजूला सुटतात आणि चित्र मधून हलत नाही.

ओव्हरसॅम्पलिंगला, म्हणजे आतलं काम कित्येक पट सॅम्पल रेटवर करण्याच्या सोयीला, लोक ऐच्छिक मानतात. रॉकमध्ये तसं मानू नका. समजा फाइल ४४.१ किलोहर्ट्झची आहे आणि झांजेत ८ किलोहर्ट्झला जोर आहे. लिमिटरने ती विकृत केली की पाचवा हार्मोनिक ४० किलोहर्ट्झला पडायला हवा. तेवढी जागाच नाही, सॅम्पल रेटच्या अर्ध्यावर, २२.०५ ला, छत आहे. मग तो दुमडून खाली येतो आणि ४.१ किलोहर्ट्झला उतरतो. मूळ सुराशी त्याचं काही नातं नाही, आणि पडतोही नेमका तिथे, जिथे माणसाचा कान सर्वांत तिखट आहे. ४ पट ओव्हरसॅम्पलिंग लावलं की हा ४० किलोहर्ट्झ आपल्या जागी राहतो आणि नंतर गाळून टाकला जातो. प्रो-एल २ मध्ये ३२ पटीपर्यंत जाता येतं, पण प्रोसेसरवरचा भार वाढत जातो आणि ८ च्या पुढे रॉकमध्ये फरक ऐकू येणं कठीण. काम करताना ४, एक्स्पोर्टला ८, एवढं पुरे. ओव्हरसॅम्पलिंगनंतर परत खाली येताना टोकं थोडी वर उसळू शकतात, म्हणून ट्रू पीक लिमिटिंग (ही उसळणारी टोकंही पकडणारं) चालू आणि आउटपुट −१ डेसिबलवर ठेवा. एमपीथ्री किंवा एएसी बनवताना टोकं आणखी उसळतात, तेवढी मोकळीक लागतेच.

मग किती मोठं करायचं? यातला लाउडनेस मीटर एलयूएफएसमध्ये (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापात) अख्ख्या गाण्याची सरासरी दाखवतो. गाणं सुरुवातीपासून लावण्याआधी तो रीसेट करा, नाहीतर मघाचा कोरस त्यात मिसळलेला राहतो. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला −१४ वर आणून वाजवतं. तुमचं मास्टर −८ ला असेल तर ते ६ डेसिबलने खाली ओढलं जाईल आणि −१ ला असलेली टोकं −७ वर येतील. तेच गाणं −१२ ला ठेवलंत तर फक्त २ डेसिबल खाली येईल, टोकं −३ वर राहतील. दोन्हींची सरासरी सारखीच, पण दुसऱ्यात स्नेअरला ४ डेसिबल जास्त उंची. म्हणून −१४ हेच लक्ष्य ठेवा असं आमचं म्हणणं नाही. जड रॉक −१० किंवा −११ लाच आपल्या अंगावर येतो, थोडा दाब हा त्याच्या चवीचा भाग आहे. कोरसमध्ये २ ते ३ डेसिबल गेन रिडक्शन (लिमिटरचा दाब), एखाद्या ठोक्याला ४, एवढ्यात तिथे पोचता येत नसेल तर लिमिटर पुढे रेटू नका, मिक्सकडे परत जा.

कारण मिक्समध्ये जे चेपलं गेलं ते इथे सुटत नाही. २००८ साली मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा सीडीवरचा आवाज इतका चिरडलेला होता की चाहत्यांनी नव्याने मास्टर करा म्हणून सह्यांची मोहीम काढली. हीच गाणी गिटार हीरो या खेळात मोकळी वाजत होती, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून कुणालाही फरक ऐकता आला. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनी सांगितलं की मिक्स त्यांच्याकडे आली तेव्हाच भिंतीसारखी चेपलेली होती.

प्रो-एल २ ची खरी उणीव इथेच आहे. यात क्लिपर, म्हणजे टोकं सरळ छाटणारं साधन, नाही. स्नेअरची २ डेसिबल टोकं आधीच ड्रम बसवर (सगळे ड्रम एकत्र येतात त्या चॅनेलवर) सॉफ्ट क्लिपरने छाटली तर लिमिटरला धावपळ करावी लागत नाही आणि झांजा जागच्या जागी राहतात, पण त्यासाठी दुसरा प्लगिन घ्यावा लागतो. खालच्या सुरांसाठीही तेच. २५–३० हर्ट्झच्या खालचा घरघराट हाय-पासने (खालचे सूर गाळणाऱ्या फिल्टरने) काढून मगच इथे आत सोडा, नाहीतर ऐकू न येणाऱ्या त्या लाटा लिमिटरला दाबायला लावतात आणि प्रत्येक किकला झांजा डुबक्या मारतात. यातला डीसी ऑफसेट फिल्टर (लाटेची सरकलेली मधली रेघ जागेवर आणणारा) ते काम करत नाही. आणि ३ ते ४ किलोहर्ट्झला गिटारी टोचत असतील तर लिमिटरच्या आधी इक्यूने १ डेसिबलचा रुंद उतार द्या. लिमिटरनंतर दिलात तर ज्या उर्जेने त्याला धावायला लावलं ती आधीच आपलं काम करून गेलेली असते. एखादा प्रीसेट (तयार सेटिंग) निवडून गाणं ओतून देणाऱ्यांनी तर हा प्लगिन घेऊच नये, गेनची पट्टी फार सहज वर सरकते.

कंपनी ३० दिवसांची पूर्ण ट्रायल देते. त्या दिवसांत आपलंच एखादं मिक्स घ्या, ज्यात झांजा जास्त आहेत असं. एक मास्टर −८ ला काढा, एक −११ ला. दोन्ही −१४ ला आणून सारख्या आवाजात लावा, स्पीकर बोलण्याइतक्या पातळीवर ठेवा, आणि दुसऱ्या कोरसमध्ये फक्त स्नेअर ऐका.