शेवटचा शॉट: ड्राइव्ह मारणाऱ्या गार्डला की शूटरला?

बास्केटबॉलच्या अटीतटीच्या सामन्यात शेवटचा शॉट कोण मारणार, ते नाव टाइमआउटमध्ये ठरवण्याआधी स्कोअररच्या टेबलवर जाऊन तीन गोष्टी विचारा: सेकंद किती उरलेत, समोरच्यांचे या क्वार्टरमधले फाउल किती, आणि आपला अजून एक टाइमआउट आहे का. ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांच्या आणि सोसायट्यांच्या स्पर्धांत बऱ्याचदा शॉट क्लॉक (शॉट किती सेकंदांत मारायचा ते दाखवणारं घड्याळ) नसतो, सामन्याचं घड्याळ टेबलवरच्या माणसाच्या हातात असतं. ‘दहा तरी असतील’ म्हणून खेळलेले दहा सेकंद सहाच निघतात.

बरोबरी असेल किंवा एका गुणाने मागे असाल, तर बॉल गार्डकडे, त्याने ड्राइव्ह मारावा, म्हणजे ड्रिबल करत रिंगकडे घुसावं. कारण फाउल. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून दोन फ्री थ्रो (लाइनवरून विनाअडथळा मारायचे, एकेका गुणाचे शॉट) मिळतात. ७० टक्के फ्री थ्रो घालणारा पोरगा एका गुणाने मागे असताना लाइनवर गेला, तर दोन्ही आत जाण्याची शक्यता ४९ टक्के, एकच जाऊन बरोबरी होण्याची ४२, दोन्ही हुकण्याची फक्त ९. शिवाय ले-अप (रिंगजवळ जाऊन मारलेला शॉट) हुकला तरी बॉल रिंगखालीच पडतो आणि आपला पोस्ट, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, तिथे असतो. गार्डचे फ्री थ्रो पन्नासच्या खाली असतील, तर मात्र हा सगळा फायदा विसरा.

दोन गुणांनी मागे असलात की हिशेब फिरतो. ५० टक्के पडणारा ले-अप फक्त ओव्हरटाइम मिळवून देतो. तिथेही निम्मी-निम्मी संधी धरली तर जिंकण्याची शक्यता २५ टक्केच. तीन गुणांच्या रेषेबाहेरून ३३ टक्के मारणारा शूटर सरळ ३३ देतो. पण तो आकडा कुठला? हॉलमधला नको. वाशी-ऐरोलीला संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की उंच शॉट सरकतो, आणि उघड्या कोर्टवरची कडक रिंग बॉल बाहेर फेकते. ६.७५ मीटरवरून, दमल्यावर, धावत येऊन पास घेत मारलेले शॉट मोजा. तीन गुणांनी मागे असाल तर शूटरच, फक्त त्याने पास मिळताच उचलावा. ज्याचे चार सांघिक फाउल झालेत असा शहाणा संघ शॉटआधीच फाउल करून तुम्हाला दोन फ्री थ्रोंवर बसवतो.

खरं तर दोघंही लागतात. अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या १९९७च्या फायनल्सच्या सहाव्या सामन्यात ८६-८६ असताना दोघांनी घेरलेल्या शिकागोच्या मायकेल जॉर्डनने बॉल सहकारी शूटर स्टीव्ह करला दिला, करने बास्केट केला आणि शिकागो ९०-८६ जिंकलं. म्हणून शूटर ड्राइव्हच्याच बाजूच्या कॉर्नरला ठेवा. त्याचा डिफेंडर मदतीला सरकला तर पास छोटा आणि समोरच. नाही सरकला तर रिंगकडची लेन मोकळी.

ड्राइव्ह ७-८ सेकंद उरले असताना सुरू, शॉट ३ उरले असताना, म्हणजे रिबाउंडलाही वाव राहतो. पोरं हमखास ४ येईपर्यंत जागेवरच ड्रिबल करत राहतात. मग दुसरा डिफेंडर अंगावर येतो आणि पास द्यायला वेळच नसतो.

दोन सेकंदांच्या आत ड्रिबलला जागा नाही: शूटर, आणि साइडलाइनवरून टाकायला सगळ्यात चांगला पासर. ०.२ सेकंद किंवा त्याहून कमी उरले, तर बॉल पकडून मारताच येत नाही, टॅप (न पकडता हाताने ढकलणं) किंवा थेट डंकच (वरून रिंगमध्ये कोंबणं) चालतो. तेव्हा नाव उंच पोस्टचं.