क्रॅनबेरी: ताजी, फ्रोजन, सुकी, ज्यूस, डब्यातला सॉस, सगळं वापरून झाल्यावरचं माझं मत

पहिल्यांदा ताजी क्रॅनबेरी तोंडात टाकली तेव्हा मला वाटलं फळ खराबच निघालं. आंबट तर आंबट, वर तुरट पण, गालाची आतली बाजू एकदम कोरडी पडली आणि पाणी प्यायलं तरी ती चव जाईना. त्याआधी मी फक्त सुकी क्रॅनबेरी खाल्लेली, ती गोड, चिवट, मनुक्याच्या जातीतली वाटणारी, त्यामुळे ताजी म्हणजे तेच फळ जरा रसाळ असणार असं मी धरून चालले होते. नंतर कळलं की फळ एकदम उत्तम होतं, क्रॅनबेरी अशीच असते. १०० ग्रॅम ताज्या क्रॅनबेरीत साखर जेमतेम ४ ग्रॅम. रास्पबेरीत पण साधारण तेवढीच असते, पण क्रॅनबेरीतलं ॲसिड इतकं जास्त की ती साखर जिभेला लागतच नाही, हिचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) अडीचच्या आसपास म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतका.

त्यानंतर मी हे फळ मिळेल त्या रूपात आणून वापरलं आणि आता माझं मत पक्कं झालंय. क्रॅनबेरी घ्यायची तर ज्यात साखर अजून पडलेली नाही अशी घ्या, म्हणजे ताजी नाहीतर फ्रोजन, आणि साखर किती घालायची ते आपण ठरवायचं. बाकी जे काही पाकिटात, बाटलीत, डब्यात मिळतं त्यात ते आधीच दुसऱ्या कोणीतरी ठरवलेलं असतं आणि बहुतेक वेळा फारच सढळ हाताने.

आधी ताज्या बेऱ्यांचं. हे मूळचं उत्तर अमेरिकेतलं फळ, ब्लूबेरीच्याच कुळातलं, अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त पीक एकट्या विस्कॉन्सिन राज्यात येतं, त्यानंतर मॅसॅच्युसेट्स. कॅनडात पण भरपूर होतं. तोडणी सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, त्यामुळे ताजा माल ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच दिसतो आणि मग एकदम गायब. तेव्हा दिसला की एकाऐवजी दोन-तीन पाकिटं उचला, ठेवायचं कसं ते पुढे सांगतेच. अमेरिकन पाकीट बहुतेक ३४० ग्रॅमचं असतं, त्यात साधारण तीन कप बेऱ्या बसतात, आणि बऱ्याच रेसिपी त्याच मापाने लिहिलेल्या असतात म्हणून हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

पाकीट हातात घेऊन बाहेरूनच दाबून बघा, बेऱ्या टणक लागल्या पाहिजेत. आत ओल साठलेली असेल, एकमेकींना चिकटलेल्या असतील, सुरकुतलेल्या किंवा तपकिरी डागाच्या असतील तर ते पाकीट ठेवून द्या. रंग जितका गडद तितकी पिकलेली. मध्ये चार-दोन पांढरट दिसल्या तर घाबरू नका, त्यांना ऊन कमी मिळालेलं असतं एवढंच, शिजवायला चालतात. घरी आल्यावर माझी आवडती परीक्षा म्हणजे एक बेरी ओट्यावर टाकायची, चांगली असेल तर चेंडूसारखी उसळते. का ते बघायचं असेल तर सुरीने आडवी कापा, आत चार छोटे पोकळ कप्पे दिसतील, त्यात हवा, आणि भिंतीला चिकटलेल्या बारीक बिया. त्या हवेमुळेच ती उसळते आणि पाण्यावर तरंगते. माल निवडायच्या जुन्या लाकडी यंत्रांमध्ये पण हेच तत्त्व, उसळी मारून फळी ओलांडली ती बेरी चांगली, नाही ओलांडली ती बाद.

लाल बेऱ्यांनी भरलेल्या तळ्यात कमरेपर्यंत उभी असलेली माणसं, हा फोटो बघून खूप जणांना वाटतं की हे फळ पाण्यात उगवतं, मलाही वाटायचं. तसं नाहीये. वेली जमिनीवर पसरतात, वाळू मिसळलेल्या आम्लधर्मी मातीत, आणि पाणी सोडतात ते तोडणीच्या वेळी. मग यंत्राने वेली हलवतात, बेऱ्या सुटून वर तरंगतात आणि त्या गोळा करतात. बहुतेक सगळं पीक असंच निघतं आणि ज्यूस, सॉस, सुक्या बेऱ्यांकडे जातं. पाकिटात ताज्या म्हणून ज्या येतात त्या कोरड्या शेतात यंत्राने विंचरून काढलेल्या असतात, कारण भिजलेलं फळ फार दिवस टिकत नाही. म्हणूनच घरी पण नियम एकच, ठेवायच्या आधी धुवायच्या नाहीत.

ठेवायचं म्हणजे काय तर पाकीट उघडून एकदा निवडायचं, मऊ पडलेल्या काढून टाकायच्या (एक सडकी असली की शेजारच्या चार घेऊन जाते), आणि कोरड्या तशाच फ्रीजमध्ये. तीन-चार आठवडे आरामात राहतात, माझ्याकडे एक पाकीट त्याहून जास्त राहिलंय. बाकीच्या बेऱ्या कुठल्या चार दिवसांत बुरशी धरतात, ही मात्र धीराने थांबते, तिच्यात बेन्झॉइक ॲसिड (बुरशीला रोखणारा पदार्थ) मुळातच असतं आणि आंबटपणाची मदत होतेच. फ्रीजरमध्ये तर पाकीट जसंच्या तसं टाकलं तरी वर्षभर चालतं. आणि हे महत्त्वाचं, वापरताना बर्फ वितळू द्यायचा नाही. वितळलेली बेरी लिबलिबीत होते, रस सुटतो आणि केकचं सगळं पीठ गुलाबी होतं. फ्रीजरमधून काढा, गार पाण्याखाली पटकन फिरवा, थेट पातेल्यात.

त्यामुळे विकतची फ्रोजन क्रॅनबेरी मिळत असेल तर बिनधास्त घ्या, शिजवल्यावर ताजीत आणि तिच्यात मला फरक कळत नाही. फक्त मागे घटक वाचा, तिथे क्रॅनबेरी एवढा एकच शब्द असायला हवा.

आता शिजवणं. नवीन माणसाने सुरुवात सॉसपासूनच करावी, कारण हे फळ सॉस बनवायला जन्माला आलंय. ३४० ग्रॅम बेऱ्या, एक कप पाणी, एक कप साखर. पातेलं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडाचं नको, इतक्या आंबटाला ते धातूची चव देतं. पाणी-साखर उकळली की बेऱ्या टाका आणि आच मध्यम करा. दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, बेऱ्या नुसत्या गोल गोल फिरत राहतात, आणि मग एक फुटते, टप्, मग दुसरी, मग सगळ्या एकदम टपटप सुरू. आतल्या कप्प्यांतली हवा गरम होऊन साल फाडते त्याचा तो आवाज, आणि रस उडतो म्हणून झाकण अर्धवट ठेवायचं, पांढरा कपडा अंगात नको. दहा मिनिटांत बहुतेक फुटलेल्या असतात, पातळसर लाल रस आणि त्यात सालं दिसतात. इथे थांबायचं. मी पहिल्या वेळी हे पातळच आहे म्हणून पंचवीस मिनिटं आटवत बसले आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढलं तर चमचा आत जाईना. क्रॅनबेरीत पेक्टिन (जॅम-जेली घट्ट करणारा फळातला पदार्थ) इतकं असतं की सॉस गार होताना आपोआप घट्ट होतो, बाहेरून काही घालावं लागत नाही. जास्त घट्ट झालाच तर दोन-तीन चमचे गरम पाणी घालून मंद आचेवर हलवा, परत येतो.

साखरेचं प्रमाण हा खरा मुद्दा. एक कप हे नेहमीचं माप, मला ते जास्त वाटतं, मी पाऊण कपावर आले आणि आता तिथेच स्थिर आहे. चिमूटभर मीठ घातलं की तुरटपणा बराच मागे हटतो. काही जण खाण्याचा सोडा घालतात, तो ॲसिड मारतो त्यामुळे साखर कमी लागते, हे खरंय, पण पाव छोटा चमचा म्हणजे डोक्यावरून पाणी, त्याच्या पुढे अजिबात जायचं नाही. एकदा माझ्या हातून अर्धा चमचा गेला, पातेलं फसफसून वर आलं आणि तो सुंदर लाल रंग बघता बघता जांभळट-काळपट झाला, चव साबणासारखी, सगळं टाकून द्यावं लागलं. तो लाल रंग ॲसिड आहे तोवरच लाल राहतो. संत्र्याची किसलेली साल आणि पाण्याऐवजी संत्र्याचा रस, याच्यासारखी जोडी नाही. आलं, दालचिनी पण छान. अमेरिकेत हा सॉस थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेल्या टर्कीबरोबर वाढतात, पण भाजलेलं कुठलंही मांस, चीज, टोस्ट, दही, ओट्स, कशाबरोबरही जातो. झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस.

न शिजवता खायची असेल तर एकच प्रकार मी मनापासून सुचवीन: तेवढ्याच बेऱ्या, एक अख्खं संत्रं सालीसकट (बिया काढून), पाऊण कप साखर, मिक्सरमध्ये जाडसर फिरवायचं, पेस्ट नाही करायची. लगेच चाखलंत तर तोंड वाकडं होईल. रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या, सकाळी तीच गोष्ट वेगळीच लागते, तुरटपणा बसलेला असतो आणि साल मस्त मुरलेली असते.

केक-मफिनमध्ये बेऱ्या अर्ध्या कापून घाला, अख्खी दाताखाली आली की एकाच घासात सगळा आंबटपणा येतो. स्मूदीत थोड्याच घाला आणि दुधाबरोबर नको, दूध फाटतं, दही घ्या.

सुक्या क्रॅनबेरीवर माझा राग आहे आणि तरीही माझ्या कपाटात त्या कायम असतात. राग कशाचा, तर १०० ग्रॅममध्ये ७० ग्रॅमच्या वर साखर. बेरी कापतात, रस काढून घेतात, साखरेच्या पाकात मुरवतात आणि मग सुकवतात, वर चिकटू नये म्हणून थोडं तेल. एकदा मी पुढे मोठ्या अक्षरात ‘साखर घातलेली नाही’ लिहिलेलं पाकीट कौतुकाने आणलं, घरी मागची बारीक अक्षरं वाचली तर सफरचंदाच्या रसाचा कॉन्सन्ट्रेट (आटवलेला घट्ट रस), आणि साखरेचा आकडा नेहमीच्या पाकिटाच्या अगदी जवळ. साखरेचं पोतं नाही घातलं, सफरचंदातली साखर घातली, शरीराला काय फरक? मला हे फसवल्यासारखं वाटलं. तरी सॅलडमध्ये मूठभर, अक्रोड-बदामांबरोबर, नाहीतर कुकीत, तिथे त्यांना पर्याय नाही, फक्त फळ म्हणून नाही तर गोड म्हणून मोजा. बेक करायच्या आधी पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, मऊ होतात आणि वरच्या जळून कडक होत नाहीत.

ज्यूस. बाटलीवर ‘कॉकटेल’ शब्द असेल तर त्यात क्रॅनबेरीचा रस बहुतेक २७ टक्क्यांच्या आसपास, बाकी पाणी आणि साखर. ‘१०० टक्के ज्यूस’ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, तो शंभर टक्के रस सफरचंद-द्राक्षाचा जास्त आणि क्रॅनबेरीचा नावाला असू शकतो. नुसत्या क्रॅनबेरीचा बिनसाखरेचा ज्यूस मिळतो, तो तसाच पिववत नाही, एक भाग ज्यूस, तीन-चार भाग पाणी किंवा सोडा असा प्यायचा आणि मग खरंच ताजंतवानं वाटतं.

ज्यूसकडे बरेच लोक लघवीच्या इन्फेक्शनसाठी वळतात, मीही त्यासाठीच वळले होते, म्हणून स्पष्ट लिहिते. २०२३ साली कोक्रेनने (वैद्यकीय अभ्यास तपासणारी संस्था) आधीचे अभ्यास एकत्र करून आढावा घेतला, त्यात ज्या बायकांना पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होतं त्यांना क्रॅनबेरीच्या उत्पादनांमुळे ते परत होण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं, मुलांमध्येही दिसलं, वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांमध्ये मात्र फायदा दिसला नाही. हे होऊ नये म्हणून, झाल्यावरचं औषध नव्हे. जळजळ, ताप असेल तर डॉक्टरकडे जा, ज्यूस पीत घरी बसू नका. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल किंवा मुतखड्याचा त्रास असेल तर रोज घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

डब्यातला सॉस दोन प्रकारचा, एक अख्ख्या बेऱ्यांचा आणि एक गाळलेल्या जेलीचा, जो डब्याच्या वळ्यांसकट गोल बाहेर येतो. जेलीवाला मला नुसता गोड लागला. अख्ख्या बेऱ्यांचा घाईच्या दिवशी चालतो, त्यात लिंबू पिळून संत्र्याची साल घाला, बराच सुधारतो.

पाकिटाच्या तळाशी मूठभर बेऱ्या उरल्या की मी एक करते. समप्रमाणात साखर-पाणी उकळून जरा निवू देते, बेऱ्या त्यात बुडवून काढते (उकळत्या पाकात नाही, फुटतात), जाळीवर तासभर चिकट होईपर्यंत सुकवते आणि मग जाड साखरेत घोळवते. बाहेर कुरकुरीत साखर, चावलं की आत तो सगळा आंबटपणा जसाच्या तसा. केकवर लावायच्या म्हणून करते, पण केक होईपर्यंत वाटीत चार-पाचच राहिलेल्या असतात.