तंबाखूमुक्तीची दूरध्वनी सेवा : आईच्या मिश्रीच्या निमित्ताने

तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा आहे. २०१६ साली दिल्लीत सुरू झालेली ही निःशुल्क सेवा आता मराठीतूनही मिळते. तीस वर्षे मिश्री लावणाऱ्या माझ्या आईसाठी मी तो क्रमांक फिरवला. समुपदेशक ताईंनी तिला जराही दोष न देता मिश्री दिवसातून किती वेळा आणि कोणत्या वेळी लागते हे विचारले, सोडण्याची तारीख तिच्याकडूनच ठरवून घेतली आणि तलफ आली की घोट घोट पाणी पीत ती ओसरू द्यावी असे सांगितले; पुढे ठरल्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. धूर नाही म्हणून धोका नाही, हा आमच्या घरातला समज त्या बोलण्यातून गेला. धूरविरहित तंबाखूच नव्हे, तर नुसती सुपारीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. मात्र सुटा तंबाखू आणून घरी तव्यावर भाजणाऱ्या बायकांपर्यंत पाकिटावरचा क्रमांक पोचणार कसा? तो रेशन दुकानात आणि अंगणवाडीतही लावायला हवा. आईची मिश्री सुटून आठ महिने झाले आहेत.