अण्णांचं पुस्तक जिथं छापलं त्या दुकानाबद्दल (लांबलंय, सवडीनं वाचा)

चार स्टार दिलेत. पाचवा कामून कापला ते पुढं येतंय. जुने फोटो स्कॅन करून, नीट करून, त्याचं पुस्तक बांधून देणारी दुकानं छत्रपती संभाजीनगरात बरीच हायेत, पण मी फिरले त्यातलं मला हेच पटलं. औरंगपुऱ्याकडच्या एका बोळात, खाली झेरॉक्स आन लॅमिनेशन, वर डीटीपी, मधला जिना एवढा उभा की आमच्या वडलांनी बघितला असता तर फोटो राहिले बाजूला, आधी टेप काढून पायरीची उंची मोजली असती.

वडील म्हंजे अण्णा. सिव्हिल इंजिनिअर, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, मागच्या साली गेले. वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना स्टीलचा डबा नाहीतर टॉवेल-टोपी द्यायची हे आईला नको होतं, ती म्हणली त्यांच्याबद्दल काहीतरी वाचण्यासारखं द्या लोकांना. दादा पुण्याला असतो, त्यानं फोनवर "मस्त आयडिया आई" म्हणलं आन काम माझ्या गळ्यात पडलं.

तर दुकानाचं. यांच्याकडं तयार पॅकेज असतं, भावपूर्ण श्रद्धांजलीवालं, ढग, समई, गुलाब, मधी गोल फोटो, मागच्या पानावर कविता जी कुणाच्याही वडलांना चालते. स्वस्त हाय आन लवकर मिळतं, ज्यांना तेवढंच पायजे त्यांनी खुशाल घ्यावं. मला ते दाखवलं तेव्हा मी म्हणलं ताई आमच्याकडं फोटोच नाहीत. खरंच नव्हते. अल्बम ढीगभर, पण त्यात कालवा, भिंत, खड्डा, खड्ड्यात स्टाफ धरून उभा असलेला एक माणूस (स्टाफ म्हंजे लेव्हल घ्यायची ती आकडे लिहिलेली उंच पट्टी), पुन्हा कालवा. कॅमेरा अण्णांच्या हातात, मग अण्णा फोटोत येणार कुठून. लग्नातले थोडे आन १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाचे ग्रुप फोटो ज्यात ते कायम मागच्या रांगेत. उलट कागद ट्रंकभर. डायऱ्या, फील्ड बुकं, रद्द झालेले फेरो प्रिंट (म्हंजे ड्रॉइंगच्या छापील प्रती), आईला लिहिलेली आंतर्देशीय पत्रं. एम.बी. तेवढी नाही, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) सरकारची, ती घरी आणणं म्हंजे अण्णांच्या हिशोबानं चोरीच.

डीटीपीवाल्या ताईंनी ट्रंकेतलं वरवरचं चाळलं आन म्हणल्या, "मग कागदच छापू की, फोटोचा हट्ट कशाला." चारातले तीन स्टार या एका वाक्याचे. दुसऱ्या एका ठिकाणी मला म्हणले होते की फोटो कमी पडतायत तर धरणाचे नेटवरून घेऊन टाकू, कुणाला कळतंय.

स्कॅनिंग चांगलं हाय यांचं. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो आपण नखानं उपटतो आन कोपरा फाटतो, त्यांनी खालून बारीक दोरा फिरवून एकेक मोकळा केला, माझ्यासमोर, घाई नाही. लहान फोटो मोठा छापायचा असंल तर जास्त डीपीआयवर (म्हंजे जास्त बारकाव्यानं) घेतात, पासपोर्ट साईजचे त्यांनी १२०० वर घेतले, बाकीचे ६०० वर. मोबाईलवर काढून व्हॉट्सॲपनं पाठवलेले फोटो छपाईला घेत नाहीत, त्यात सगळा जीव गेलेला असतो, पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणतात. मोठ्या ड्रॉइंगसाठी मोठा रोल स्कॅनर लागतो तो यांच्याकडं नाही, ते बाहेरून करून आणतात, त्याचे पैसे वेगळे. फेरो प्रिंटवर उजेड पडला की रेषा उडत जातात, म्हणून ते त्यांनी काळ्या प्लास्टिकमधी गुंडाळून नेले. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनाच माहीत होतं.

त्यातल्या एका फेरोची मागची बाजू कोरी समजून कोणी स्कॅन केली नसती. ताईंनी पालथी घालून बघितली तर पेन्सिलीनं यादी, "तूरडाळ, बाईची फी, आईचे डोळ्याचे औषध, सायकलची ट्यूब, शनिवारी साडेपाचची एसटी." बाई म्हंजे मी. समोर कालव्याचा क्रॉस सेक्शन, बाजूचा उतार दीडास एक, आन पाठीवर आमचं घर. ताईंनी स्वतःहून दोन्ही बाजू समोरासमोरच्या पानांवर लावल्या. मी ते पान बघून खाली जाऊन चहा घेऊन आले, लगेच काही बोलता येईना.

पुस्तकातला मोठा भाग पैठणचा हाय. अण्णा १९७२ ला इथल्याच सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून पास झाले, तो दुष्काळाचा साल, सगळीकडं मस्टरवर खडी फोडायची कामं चालू, आन त्यांना जायकवाडीवर घेतलं. धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातानं झालेली आन २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, म्हंजे अण्णा मधल्या ऐन मातीकामात सापडले. माती म्हंजे मातीच, दहा किलोमीटरच्या आसपास लांब मातीचा बांध हाय तो, २७ दरवाजे तेवढे सिमेंट-दगडाच्या भागात. आतला गाभा काळ्या चिकणमातीचा, त्याला हार्टिंग म्हणतात, बाहेरून मुरमाचं केसिंग, पाण्याकडच्या बाजूला दगडाचं पिचिंग. डायरीत रोजचं एकच, "थर दाबला. पाणी कमी. परत रोलर." पानंच्या पानं. मला वाटलं होतं हे कोण वाचणार, पण ताई म्हणल्या दोन पानं अशीच सलग छापू, कंटाळा यायला पायजे. आला, आन बरोबर आला.

तिथलीच एक गोष्ट अण्णा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे म्हणून घातली, की धरण पैठणला आन नाव जायकवाडी कसं, तर निजामाच्या हैदराबाद राज्याच्या काळात पहिला विचार बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळचा होता, पुढं जागा वर सरकून पैठणला आली, नाव तसंच राहिलं. डावा कालवा २०८ किलोमीटर, जालन्याकडून परभणीकडं जातो. आमचं गाव पाथरी तालुक्यात. आजी शेवटपर्यंत म्हणायची की माझ्या लेकानं गोदावरी दारात आणली, आन अण्णा म्हणायचे बाई मी फक्त माती दाबलो.

दुसरा भाग भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, आदल्या रात्रीच गणपती बोळवून लोक झोपलेले. किल्लारी, सास्तूर, लातूर आन तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं, दहा हजाराच्या जवळपास माणसं गेली. अण्णांना तिकडं पाठवलं आन पुढं जुनी घरं मजबूत करायच्या कामावर ते औशाला राहिले. तिथून आईला आलेल्या पहिल्या पत्रात खुशाली नाही, काही नाही, पहिलीच ओळ, "माळ्यावरची ट्रंक आजच खाली काढ. पोरे झोपतात त्या भिंतीवर काहीही ठेवायचे नाही." त्याच्याखाली पेनानं भिंतीचा छेद काढलेला. दगड-मातीची दोन-अडीच फूट जाड भिंत, वर माळवद (लाकडावर माती टाकून केलेलं सपाट छत), त्यावर दर पावसाळ्याआधी टाकलेला मातीचा नवा थर. लाकडी खांब बऱ्याच घरात उभे राहिले आन भिंती कोसळल्या, कारण भिंतीला बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधी नुसती भर. अण्णा आईला लिहितात, की या दोन बाजू म्हणजे एका घरात राहून न बोलणाऱ्या जावा, हिसका बसला की दोघी दोन दिशेला. म्हणून आरपार दगड पायजे, दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा. तो नसंल तर भिंतीला आरपार भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरायचं, दारं-खिडक्यांच्या वरून जाळी मारून सिमेंटचा पट्टा फिरवायचा आन माळवदावरची जादाची माती काढायची. बायकोला लिहिलेल्या पत्रात हे सगळं! आईला विचारलं तुला कळालं होतं का, तर म्हणली ट्रंक काढली मी, बास.

याच पत्रांत नवीन वसवलेल्या गावांबद्दल पण हाय. ५२ गावं नव्या जागी नेली, सरळ रेषेतले रुंद रस्ते, मोकळी घरं, आन अण्णांचं म्हणणं की इंजिनिअर म्हणून मला हे आवडायला पायजे पण म्हातारीला शेजारणीकडं विरजण मागायला जायचं तर आता चपला घालाव्या लागतात. मला हे त्यांच्या सगळ्या ड्रॉइंगपेक्षा भारी वाटलं.

आता पाचवा स्टार. अण्णांचा एक तरुणपणीचा फोटो हाय, पैठणच्या साईटवर कोणीतरी काढलेला, टोपीची सावली अर्ध्या तोंडावर, धूळ, नाकाशी ओरखडा. तो मी फक्त ओरखडा काढायला दिला होता. खालच्या काउंटरवरच्या पोरानं तो एआयमधी टाकून "एन्हान्स" केला, रंग भरला, आन मला प्रूफमधी एक गोरापान, गुळगुळीत गालाचा माणूस दाखवला. मिशी एकसारखी कातरलेली. अण्णांची मिशी डाव्या बाजूला जरा कमी होती, लहानपणी भाजलेलं. मागची मुरमाची टेकडी हिरवीगार, पैठणला, बांधकामात! आई प्रूफ बघून म्हणली हे कोण. मी वर जाऊन भांडले, मालक काकांनी आधी "कस्टमरला असंच आवडतं" केलं, मग ताईंनी मूळ स्कॅन काढून हातानं फक्त ओरखडा बुजवला, सावली तशीच ठेवली. पण एन्हान्सचे पैसे बिलात लागलेले होते ते कमी करून घ्यायला पुन्हा बोलावं लागलं. तुम्ही गेलात तर ऑर्डर फॉर्मवर लिहूनच द्या, चेहऱ्याला हात लावायचा नाही, रंग भरायचा नाही.

मराठी टायपिंगचं पण सांगते. त्यांचं पानं लावायचं सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टवर चालतं, आपण मोबाईलवर टाईप करून दिलेला मजकूर त्यात बदलून घेताना जोडाक्षरं फुटतात. "पाटबंधाऱ्या"चा ऱ्या प्रत्येक ठिकाणी उडाला होता आन "अभियंता"चा अनुस्वार एक घर मागं. प्रूफ मोबाईलवर पीडीएफमधी बघू नका, प्रिंट काढून, पेन घेऊन, घरातल्या जुन्या माणसाला बसवा. आमच्याकडं आईनं बसून सगळं तपासलं आन वर अण्णांच्या दोन वाक्यांत सुधारणा पण केली, ती मी गुपचूप परत जशीच्या तशी केली.

कागद, बाइंडिंग. चकचकीत आर्ट पेपर घेऊ नका, जुन्या पत्रांची शाई त्यावर विचित्र दिसते, मॅट घ्या. नुसतं गोंदानं चिकटवलेलं बाइंडिंग उघडझाप करून पानं सोडतं, शिलाईचं थोडं महाग हाय पण पुस्तक सपाट उघडतं आन आमच्यासारखं समोरासमोर दोन पानांचं ड्रॉइंग असंल तर तेच लागतं. रंगीत पानं धरून एका प्रतीला साडेतीनशेच्या आसपास पडले, मोठ्या स्कॅनचे वेगळे. प्रती कमी असतील तर महागच पडतं, त्यात त्यांचा दोष नाही.

वर्षश्राद्धाला वाटलं तेव्हा मामा पहिली दहा पानं चाळून म्हणले, "पुस्तक हाय का टेंडर?" सगळे हसले. मग तेच मामा जेवणं झाल्यावर कोपऱ्यात चष्मा लावून शेवटच्या भागापाशी बसलेले. तो भाग आमच्या घराचा हाय. अण्णांच्या बदल्या माजलगाव, औसा, कुठं कुठं, पण आमच्या शाळा बदलायच्या नाहीत म्हणून घर संभाजीनगरातच ठेवलं आन स्वतः दर शनिवारी एसटीनं यायचे. रविवारी सकाळी माझ्या वेण्या तेच घालायचे, दोन्ही रिबिनी एका लेव्हलला आल्या नाहीत तर सोडून परत. काळ्या रानात प्लॉट घेतला तेव्हा मुरूम लागेपर्यंत पाया खोदायचाच म्हणून गवंड्याशी अबोला धरला, शेजारच्या घरांच्या भिंतींना उन्हाळ्यात भेगा पडतात, आमच्या नाहीत. रिटायर झाल्यावर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर ओट्याच्या पायऱ्यांमधी अजून एकेक पायरी घालून चढ निम्मा केला, कठडा लावला, आन दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी मारलं, नळीनं नाही, गोणपाट टाकून. त्या पायऱ्यांचं स्केच पण पुस्तकात हाय, मापासकट, दोघा-तिघांनी त्यावरून आपल्या घरी तशा पायऱ्या करायला घेतल्यात.

अजून प्रती लागायलेत, आईनं पैठणच्या ओळखीच्यांची यादी केलीय, त्या याच दुकानात काढणार. जाणाऱ्यांसाठी, रविवारी बंद असतं, दुपारी जेवणाच्या वेळात वर कोणी नसतं, बोळात चारचाकी जात नाही तर गाडी लांबच लावा. वर ताईंनाच भेटा, खालच्या काउंटरवर कागद ठेवून येऊ नका. आन फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असंल तर घरी ओढून काढायच्या फंदात पडू नका, तसाच काचेसकट घेऊन जा, ते काचेवरून स्कॅन करून देतात.