साप पाहायला घेतलेली ८×४२ दुर्बीण, एक वर्ष वापरून

दुर्बीण घेऊन आता वर्ष होत आलं म्हणून लिहून टाकतो, कारण घ्यायच्या आधी मी दोन महिने मराठीत काही भेटते का शोधून राहिलो होतो आणि जे भेटलं ते सगळं पक्षी पाहणाऱ्यांसाठी. मला साप पाहायचे होते, झाडावरचे, आणि त्यातही मनात एकच होता, उडता सोनसर्प. तो पाहायला नागपूर सोडून पार सह्याद्रीत, गोव्याच्या जंगलापर्यंत जावं लागते, आणि एवढा खर्च करून गेल्यावर झाडात नुसती हिरवी रेघ दिसली असं व्हायला नको होतं.

आधी बर्डीवरच्या एका दुकानात गेलो. त्यानं सरळ २०×५० (वीसपट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटरची) हातात दिली, म्हणे "घेऊन टाका न भाऊ, चंद्रावरचे खड्डे दिसतात." समोरच्या दुकानाची पाटी खरंच एवढी मोठी दिसली की मी पैसे काढायलाच आलो होतो. पण पाटी हलत नाही, माझा हात हलते, आणि वीसपट मोठं करून पाहिलं की हाताची थरथरही वीसपट होते. ट्रायपॉड नसेल तर ती दुर्बीण जंगलात काही कामाची नाही, हे त्या माणसानं एका शब्दानं सांगितलं नाही, हे मला आवडलं नाही.

मग सदरमधल्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथल्या काकांनी संध्याकाळी या म्हटलं. सव्वासहाला तीन दुर्बिणी घेऊन स्वतः माझ्यासोबत बाहेर आले आणि रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाकडे बोट दाखवलं, "आत फांद्यांच्या अंधारात पाहा, उन्हात सगळ्याच चांगल्या दिसतात." माझी ८×४२ त्या दहा मिनिटांत ठरली. ४२ ला ८ नं भागलं की सव्वापाच येते, म्हणजे डोळ्यात येणारा उजेडाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा. २०×५० मध्ये तोच अडीच. दाट झाडीत हा फरक लगेच कळते. साडेअकरा हजार पडले, पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड भेटलं, काही घासाघीस करावी लागली नाही.

पुढचे दोन महिने सेमिनरी हिल्सवर आणि अंबाझरीकडे सराव केला. रुखई (झाडावरचा एक सडपातळ साप) दिसली की दुर्बीण डोळ्याला लावून ती फांदीवरून फांदीवर जाईपर्यंत सोडायची नाही, एवढाच अभ्यास. पंचवीस मीटरवर माझ्या दुर्बिणीत साधारण तीन मीटरचा गोल दिसते, म्हणून पानाआड गेलेला साप परत सापडते. जास्त पॉवरच्या दुर्बिणीत हा गोल लहान होते आणि साप एकदा सुटला की सुटला.

सप्टेंबरच्या शेवटी गोव्यातल्या मोलेमच्या जंगलात गेलो. चौथ्या दिवशी सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर (हा साप दिवसाच फिरते, सरडे, पाली, कधी पक्षी, वटवाघूळ असं खाते) एका उंच सरळ खोडावर दिसला. हिरवट अंगावर काळ्या आडव्या पट्ट्या आणि पाठीवर लाल-केशरी फुलं काढल्यासारखे ठिपके. अन् चढून कसा राहिला होता, तर खोडाला वेटोळं न घालता सरळ वर! पोटाच्या खवल्यांना दोन्ही बाजूंना कंगोरे असतात, ते सालीत अडकवत तो जाते, हे मी वाचलं होतं, पण दुर्बिणीतून पाहताना माझा श्वास थांबला होता. पैसे तिथंच वसूल झाले.

मग तो फांदीच्या टोकाशी आला, पुढचा भाग खाली सोडून इंग्रजी जे सारखा लटकला, आणि इथं गाईड दादा हळूच म्हणाले, "आता डोळ्यावरची दुर्बीण काढा." बरं झालं ऐकलं. झटका देऊन सुटला तो आधी सरळ खाली पडल्यासारखा, आणि मग बरगड्या पसरून अंग चपटं, जवळजवळ दुप्पट रुंद, खालून पन्हळीसारखं खोलगट, आणि हवेतही जमिनीवर सरपटावं तसा नागमोडी चालून राहिला होता. पंधरा-वीस पावलांवरच्या झुडपात उतरला. आग्नेय आशियातला त्याचा पॅराडाइज नावाचा भाऊ याहून चांगला तरंगते म्हणतात. त्याच जातीवर अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये अंगाला चमकणारे ठिपके लावून २३ कॅमेऱ्यांनी अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, आणि त्यात दिसलं की हवेतलं ते वळवळणं बंद केलं तर साप उलटापालटा होऊन पडेल. म्हणजे ती वळवळ म्हणजे त्याचा तोल आहे.

तर दुर्बीण उडीच्या आधीसाठी आणि उतरल्यानंतरसाठी. उडी डोळ्यांनीच पाहायची.

उणी बाजू पण सांगतो. तीन मीटरच्या आत फोकस होत नाही, त्यामुळे रस्त्याकडेच्या झुडपातला हरणटोळ साप पाहायला मलाच मागं सरकावं लागते. सोबत आलेला पट्टा मानेला काचते, मी तो पहिल्याच महिन्यात बदलला. पुढच्या लेन्सची झाकणं सैल आहेत, एक मोलेमच्या चिखलात गेलं ते गेलंच. पाणी मात्र आत शिरलं नाही, चार दिवस भिजली तरी आतून काच धुरकट झाली नाही. झाकणासाठी सदरच्या काकांना फोन केला होता, त्यांनी दुसरी जोडी मागवून ठेवली, पैसे घेतले नाहीत, फक्त साप दिसला का ते विचारलं आणि मग अर्धा तास ऐकत बसले.