‘ट्रान्सप्लांटवाल्यांसाठी स्पेशल इम्प्लांट’: 2,34,000 रुपयांची लूट

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांसाठी ‘इम्युनिटी कोटिंग’चा वेगळा दातांचा इम्प्लांट असतो, असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. इम्प्लांट म्हणजे दातासाठी जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, तो सगळ्यांना सारखाच. संसर्ग टाळायचा तो हिरड्या, साखर आणि औषधांची रक्तातली लेव्हल सांभाळून.

आमच्या दादाला वरच्या जबड्यात सहा इम्प्लांट बसवले. पॅकेज 1,80,000, वर कोटिंगचे स्क्रूमागे 9,000, म्हणजे 54,000. पावतीवर मात्र नुसतं ‘दंत उपचार’.

कळायला हवं होतं ते फॉर्म भरताना. दादाने टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड अशी नावं सांगितली; नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी ही औषधं. काउंटरवरच्या बाईंनी लिहिलं ‘बीपीच्या गोळ्या’. नेफ्रोलॉजिस्टची, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांची, चिठ्ठी आणू का विचारलं, तर उत्तर आलं, ‘कशाला? कोटिंग आहे ना!’ त्या वाक्याचा संताप अजून जात नाही. ट्रान्सप्लांटला जेमतेम पाच महिने झाले होते. थांबता येण्यासारखं दातांचं काम पहिले सहा महिने तरी करत नाहीत. पण डायलिसिसच्या काळात दात गेलेले, भाकरी चावता येत नाही, समोर भिंतभर प्रमाणपत्रं. कुणीही विश्वास ठेवला असता.

क्लिनिकने लिहून दिलेली औषधं तर भयंकर: क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी. पहिल्याने टॅक्रोलिमस रक्तात साचतं, दुसरं थेट किडनीला त्रास देतं. हात थरथरायला लागले. टॅक्रोलिमसची लेव्हल 7 वरून 19 वर, किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन 1.3 वरून 2.4 वर. अशा रुग्णाला दुखण्यावर पॅरासिटामॉल द्यावं, अँटिबायोटिक नेफ्रोलॉजिस्टला विचारूनच. हाड स्क्रू धरायला साधारण तीन ते सहा महिने घेतं. इथे स्टिरॉइड चालू असलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी पक्के दात चढवले. महिन्याभरात दोन स्क्रू हलले, पू आला.

आणि तक्रार? चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला. दुसऱ्या कार्यालयाने प्रतिज्ञापत्र मागितलं, मग तेच प्रतिज्ञापत्र नव्या नमुन्यात मागितलं. तिसऱ्याने विचारलं, इम्प्लांटचा लॉट नंबर काय? अहो, तो नंबर असलेला स्टिकर दिला नाही हीच तर तक्रार आहे! पेशंटनेच सगळं सिद्ध करायचं, तेही क्रिएटिनिन चढलेलं असताना.

प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप, लॉट नंबरचा स्टिकर असतो. तो फाइलला लावून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन झालं असेल तर आधी सांगा, जबड्याचं हाड मरू शकतं. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सीबीसीटीची, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनची, मूळ फाइल मागून घ्या, नुसता प्रिंट नको. ट्रान्सप्लांटनंतर इम्प्लांट करूच नयेत असं नाही; तब्येत स्थिर असेल, तर दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून करता येतात.

निघालेला स्क्रू क्लिनिकला ठेवू देऊ नका. दादाचे दोन्ही त्यांनीच ठेवून घेतले.