ताजं कापलेलं, चिल्ड पॅक की फ्रोझन? चिकन कुठलं आणायचं

मावसबहीण वाकडला नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि पहिल्याच रविवारी तिचा फोन, ताई, खाली चिकन सेंटर आहे, ॲपवाला अर्ध्या तासात चिल्ड पॅक आणून देतो आणि मॉलच्या फ्रीजरमध्ये फ्रोझन पडलेलं असतं, घरात तीन वर्षांचं पोर आहे, कुठलं आणू ते सांग. मी पटकन बोलून गेले, खालचंच घे, डोळ्यासमोर कापून देतात. फोन ठेवल्यावर वाटलं अर्धवटच सांगितलं, म्हणून आता सविस्तर.

कच्च्या चिकनवरचे त्रासदायक जंतू म्हणजे मुख्यतः दोन, साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर. दोघंही कोंबडीच्या आतड्यात मजेत राहतात, बहुतेक वेळा कोंबडी ठणठणीत दिसते, आणि दोघांचाही वास येत नाही. आपल्याला जो वास येतो तो मांस नासवणाऱ्या दुसऱ्याच जंतूंचा, त्यामुळे नाकाला लावून "फ्रेश आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही. या दोघांचे स्वभाव मात्र वेगळे आहेत. साल्मोनेला उबेत भराभर वाढतो आणि 5 डिग्रीच्या खाली जवळपास थांबतो. कॅम्पायलोबॅक्टर 30 डिग्रीच्या खाली वाढतच नाही, पण त्याला वाढायची गरजही नाही, पाचशेएक जंतू पोटात गेले तरी तो माणसाला आडवा करू शकतो, म्हणजे चिकनच्या पाण्याचा एखादा थेंबही पुरतो.

आता खालचं दुकान. फायदा उघड आहे, कापल्यापासून कढईत जाईपर्यंत तासभरसुद्धा जात नाही, साल्मोनेलाला वाढायला वेळच मिळत नाही. दुसरा फायदा कुणी मोजत नाही, आपण बहुतेक लोक स्किनलेस घेतो. जंतू सगळ्यात जास्त कातडीवर आणि पिसांच्या भोकांत असतात, ती कातडीच सोलून गेली की बराच भार गेला. पण दुकानात पाच मिनिटं नीट उभं राहून बघा. कापलेली कोंबडी निळ्या ड्रममध्ये टाकतात, तिथे आधीच्या चार कोंबड्यांची घाण असते, मग त्याच हाताने कातडी ओढायची, त्याच हाताने आतडी काढायची, त्याच ओंडक्यावर तुकडे, आणि सुरा पुसायला एकच फडकं, ज्याचा मूळ रंग कुठला होता ते देवालाच ठाऊक. एक आतडं फाटलं की सगळं मटेरियल मांसावर. आणि गंमत म्हणजे कॅम्पायलोबॅक्टर गोठवल्याने आणि सुकल्याने बराच मरतो, त्यामुळे एकदम ताज्या चिकनवर तो सगळ्यात धडधाकट असतो. "ताजं म्हणजे सेफ" हे अर्धंच खरं आहे.

चिल्ड पॅक मोठ्या प्लांटमधून येतो, कोंबडी सोलल्यावर लगेच 4 डिग्रीच्या आसपास थंड करतात, पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, 14 आकडी नंबर आणि तारीख असते. पण प्लांट म्हणजे जंतू नाहीत असं नाही हं. ब्रिटनमध्ये सगळं मशीनवर चालतं, तरी त्यांच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने फेब्रुवारी 2014 पासून वर्षभर दुकानातली ताजी चिकन तपासली तेव्हा 73 टक्क्यांवर कॅम्पायलोबॅक्टर सापडला होता. आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे प्लांटपासून घरापर्यंतची थंडी मध्ये कुठे तुटली ते कळत नाही. एकदा मे महिन्यात मला पॅक आलं ते हाताला कोमट लागत होतं, बॅगेतला बर्फ पाणी होऊन गेलेला, आणि डिलिव्हरीवाला मुलगा म्हणतो मॅडम थंडच होतं. परत पाठवलं. त्यामुळे पॅक हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे हात लावून बघणं, गार लागलं नाही तर घ्यायचं नाही, भिडस्तपणा बाजूला ठेवायचा.

फ्रोझनला आपल्याकडे लोक नाकं मुरडतात, रबरासारखं लागतं म्हणतात, चवीबद्दल मी वाद घालणार नाही. पण कॅम्पायलोबॅक्टरपुरतं बोलायचं तर तेच पुढे आहे, गोठवल्यावर तो बऱ्यापैकी कमी होतो. आइसलँडमध्ये 1999 च्या सुमारास लोकांना त्याची मोठी लागण झाली, मग त्यांनी 2000 पासून ज्या कळपात तो सापडेल त्या कोंबड्या गोठवूनच विकायला लावल्या आणि पेशंट खूप खाली आले. साल्मोनेला मात्र गोठवून मरत नाही, तो नुसता झोपतो. आणि आपण काय करतो, सकाळी पाकीट ओट्यावर काढून ठेवतो आणि दुपारी ऑफिसातून येऊन करतो. बाहेरून वितळलेलं, आतून दगड, आणि वितळलेलं लाल पाणी ओट्यावरून थेट पोळपाटाकडे. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात खोलगट भांड्यात काढून ठेवता येत असेल तरच फ्रोझन घ्या.

माझं मत विचाराल तर रविवारी आणून लगेच रस्सा करायचा असेल तर खालचं स्किनलेस, पण सकाळी लवकर, दुकान नुकतं धुतलेलं असताना. दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर चिल्ड. महिन्याचं एकदम आणून ठेवणाऱ्याला फ्रोझन. रस्सा, सुक्कं याची मला फारशी काळजी वाटत नाही, खळखळ उकळल्यावर दोघंही मरतात, आतपर्यंत 74 डिग्री झालं की खेळ खल्लास. काळजी गच्चीवरच्या बार्बेक्यूची, बाहेरून काळं आणि हाडाजवळ गुलाबी.

आणि खरा घोळ पाटावर होतो. मी स्वतः चिकन कापलेल्या पाटावर, नुसतं पाणी मारून, कोशिंबिरीचा कांदा चिरला होता. चौथ्या दिवशी ताप, पोटात मुरडा, जुलाब, आणि मी खापर फोडलं आदल्या रात्रीच्या पाणीपुरीवर. कॅम्पायलोबॅक्टर साधारण दोन ते पाच दिवसांनी वर येतो म्हणून तो सापडतच नाही, शिक्षा दुसऱ्यालाच. क्वचित त्याच्यानंतर जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम) होतो, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसची जी साथ आली त्यात संशय मुख्यतः पाण्यावर होता, पण काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यात हाच जंतू मिळाला होता, आणि तेव्हा अजितदादांनीही चिकन नीट शिजवून खा म्हणून सांगितलं होतं.

उरलेला रस्सा मोठ्या पातेल्यात तसाच रात्रभर ओट्यावर ठेवू नका, त्यात तिसराच एक जंतू वाढतो ज्याचे बीजाणू उकळूनही टिकतात. लहान डब्यांत काढून दोन तासांत फ्रीजमध्ये.

हे सगळं बहिणीला परत फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, अगं पण सासूबाई चिकन नळाखाली चांगलं पाच मिनिटं धुतात, हळद-मीठ लावून. आता हे कोण सांगणार! नळाच्या धारेने शिंतोडे सगळीकडे उडतात आणि हळदीने काही हे मरत नाहीत, न धुणंच बरं. पण घरात महाभारत नको असेल तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलकेच बुचकळायचं, पाणी सावकाश ओतायचं, मग सिंक साबणाने घासायचं, आणि पोराची पाण्याची बाटली तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवायची.